घरच्या माणसाची हजेरी

आमचं स्वयंपाकघर आणि अप्पांचा कारखाना यांच्यामध्ये एकच भिंत होती. कारखाना हा अप्पांचा शब्द. बघणाऱ्याला ते पत्र्याचं शेड दिसायचं. आत दोन लेथ, एक ड्रिल मशीन, दाराशी ग्राइंडर आणि कोपऱ्यात फाउंड्रीतून आलेल्या ओबडधोबड कास्टिंगची रास. ती कास्टिंग लेथवर चढवायची, तासायची, मापात आणून परत द्यायची, एवढाच धंदा. लेथ सुरू झाला की अव्वाच्या फडताळातल्या पितळी वाट्या बारीक आवाजात वाजायला लागत, आणि दिवसभर वाजत राहत. अव्वाने आयुष्यात कधी मशीनला हात लावला नाही, पण भाकरी थापता थापता तिला पलीकडचं सगळं कळायचं. "मिस्त्रीनं खोल धरलंय बघ हत्यार, आता मोडतंय," असं ती म्हणायची आणि खरंच दोन मिनिटांत मशीन बंद पडायचं. माझा धाकटा भाऊ बसू मशीनवर उभा असला की वाट्यांचा आवाज एकसारखा यायचा, चढ नाही की उतार नाही. "बसू हाय," अव्वा म्हणायची आणि तव्यावरची भाकरी उलटायची.

आमचं मूळ गाव गडहिंग्लजच्या बाजूचं, त्यामुळे घरात आई ही अव्वा, थोरली बहीण म्हणून मी अक्का, आणि अव्वा लाडात आली की बसू तम्मा. जेवणही तिकडचंच. सकाळी नऊ वाजता कामगारांसकट सगळ्यांना शेडमध्ये न्याहारी जायची: कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही आणि हिरव्या मिरचीचा खर्डा. कामगार तिघे. त्यांतले दिनकर मिस्त्री सगळ्यांत जुने, अप्पांच्याही आधीपासून लेथवर काम केलेले. बसू त्यांच्या हाताखालीच शिकला. दहावी झाल्यावर त्याने पुढं शिकायला साफ नकार दिला. अप्पांनी दोन दिवस आरडाओरडा केला आणि तिसऱ्या दिवशी त्याला जुन्या लेथवर उभं केलं. त्यानंतर तीन वर्षं तो सकाळी आठला शेडमध्ये जायचा आणि दिवे लागायच्या वेळी कुलंटचा, म्हणजे हत्यार तापू नये म्हणून सोडतात त्या तेलकट पाण्याचा, वास घेऊन घरात यायचा. सणाला कामगारांना सुट्टी असायची. बसूला नसायची, कारण मशीनची साफसफाई घरच्या माणसानेच करायची.

शेडचं मस्टर मी लिहायचे. नववीत असताना अप्पांनी ते काम माझ्याकडं दिलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि मला रकाने आखायला आवडायचं. रोज सकाळी न्याहारी घेऊन गेलं की तिघांच्या नावांपुढं खूण करायची, कोण उशिरा आला, कोण अर्ध्या दिवसाने गेला ते लिहायचं. एकदा बसू हात पुसत माझ्या मागं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अक्के, माझं बी नाव घाल की. मिस्त्रीपेक्षा जास्ती राबतोय." मी वर बघितलं. अप्पा ग्राइंडरवर हत्याराला धार लावत होते. तिथूनच ते ओरडले, "घरच्या माणसाची हजेरी मांडत्यात व्हय रं? उद्या तुझ्या अव्वाची बी मांडूया." तिघे कामगार हसले, बसूही हसला. मी वही मिटली. आमच्या सगळ्या गल्लीत, किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत, असंच चालायचं. पोरगा बापाच्या धंद्यात राबतो, पण तो कामाला आहे असं कुणी म्हणत नाही.

अमेरिकेत अव्वाचे चुलतभाऊ होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. त्यांचं मोठं ऑपरेशन झालं आणि घरात कर्तं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी सहा महिन्यांसाठी बसूला बोलावून घेतलं. व्हिसा पाहुण्याचा. बसू तेव्हा विशीचाही नव्हता. मी त्याची बॅग भरली, वस्तूंची यादी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली, आणि येताना त्यातलं काय काय परत आणायचं त्यापुढं फुली मारली. त्यातलं काहीच परत आलं नाही.

मामांच्या घराशेजारी एका म्हाताऱ्या माणसाचं मशीन शॉप होतं. बसू एकदा नुसता बघायला गेला. तिथला माणूस रजेवर होता, एक काम अडून पडलं होतं, आणि बसूला इंग्रजी येत नसलं तरी मशीन येत होतं. म्हातारा खूश झाला. दुसऱ्या दिवशी ये म्हणाला. मग रोज ये म्हणाला. सहा महिने संपले तेव्हा बसूने फोनवर सांगितलं की मालक सोडत नाही, अजून थोडं राहतो. आम्ही बरं म्हणालो. पाहुण्याच्या कागदावर गेलेला माणूस मुदत संपल्यावर तिथं राहिला तर तो काय होतो, यासाठी आमच्याकडं शब्दच नव्हता. अव्वा शेजारणीला सांगायची, "बसू तिकडं कामाला हाय." ते खरंही होतं. कुठल्या कागदावर, हे कुणी विचारलं नाही. मलाही ते दीड वर्षाने समजलं. एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला आणि तो नेहमीसारखा चेष्टा न करता म्हणाला, "अक्के, मी आता इथनं निघालो तर धा वर्सं परत घेत न्हाईत. आनि ऱ्हायलो तर कागद न्हाय. पोलिसाची गाडी दिसली की दुसऱ्या गल्लीला वळतोय बघ." मी विचारलं, "मग परत ये की. परत जायचंच कशाला?" तो म्हणाला, "हितलं काम लई चांगलं हाय गं." त्याच्या हातांना जे येत होतं त्याला तिथं किंमत होती, हे मला आज समजतं. तेव्हा मी चिडले होते.

त्या सुमारास तिकडं एक सवलत निघाली. मुदत संपलेल्या माणसासाठीही एखाद्या मालकाने ठरावीक तारखेच्या आत अर्ज भरला, तर त्याला देश न सोडता नोकरीच्या जोरावर रीतसर होता येणार होतं. म्हातारा मालक तयार झाला. वकीलबाई मिळाल्या. अर्ज मुदतीच्या आत गेला. अट एकच होती: हा माणूस कुशल कामगार आहे, आणि अमेरिकेत येण्याआधी त्याने हेच काम कुठंतरी किमान दोन वर्षं पूर्णवेळ नोकरीत केलं आहे, हे सिद्ध करायचं. कुठंतरी म्हणजे आमच्या शेडमध्ये.

ते काम माझ्याकडं आलं. मी तेव्हा कागलजवळच्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते, त्यामुळे कागदपत्र म्हणजे माझंच राज्य. मी यादी केली. शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला, शेडच्या नोंदणीची प्रत, मशीनच्या खरेदीचे कागद, शेडचे फोटो, दिनकर मिस्त्रींचं निवेदन, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, अप्पांच्या लेटरहेडवर अनुभवाचा दाखला. चौदा कलमं होती. एकेक झालं की पुढं खूण करायची. वकीलबाईंनी दाखल्याचा मजकूर इंग्रजीत पाठवला होता: सदर व्यक्ती आमच्याकडे टर्नर या पदावर पूर्णवेळ नोकरीस होती. मी तो ऑफिसातल्या मशीनवर स्वच्छ टाइप केला आणि दुसऱ्या दिवशी कामावर निघताना अप्पांपुढं धरला. ते चहाबरोबर शिळी भाकरी खात होते.

"सही करा. मला एसटी गाठायची हाय."

"काय लिवलंयस?"

"बसू आपल्या शेडमध्ये तीन वर्षं लेथवर काम करत होता, असं."

"मग? करत न्हवता व्हय?" डाव्या हाताने ताट सरकवत त्यांनी उजवा हात धुतला, पुसला आणि ठसठशीत सही केली.

नोकरी हा शब्द मी गाळला. मुद्दाम गाळला. तो ऐकून ते भडकतील, मग समजावत बसावं लागेल आणि साडेआठची गाडी चुकेल, एवढाच हिशेब माझ्या डोक्यात होता. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी विसरले. यादीत ते कलम नव्हतंच.

माझं लग्न त्या वर्षी ठरत आलं होतं. इचलकरंजीचं स्थळ, माणसं चांगली, मुलगा मला पसंत होता. पण अव्वाने पाहुण्यांना स्पष्ट सांगितलं की पोराचे कागद झाले की तो येईल आणि मग लग्न. "कान कोण पिळणार न्हाईतर?" असं ती हसत म्हणाली. आमच्याकडं नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा असतो. बहिणीला त्रास दिलास तर याद राख, असं त्याने बजावायचं असतं. पाहुण्यांनीही हसून मान्य केलं. ते थांबले. जवळजवळ दोन वर्षं थांबले, आणि एकदाही घाई केली नाही. इचलकरंजीच्या माझ्या सासऱ्यांचं हे मोठेपण मी आजही विसरलेली नाही.

मग एके दिवशी मी कागलहून सहाच्या गाडीने परत आले, तर अप्पा कट्ट्यावर बसलेले होते. कामाच्या दिवशी ते दिवे लागायच्या आत कधी शेडबाहेर येत नसत. अंगावर धुतलेला सदरा होता.

"आलीस? बस. आज मुंबईस्नं फोन आलता. अमेरिकेच्या ऑफिसचा."

माझ्या खांद्यावरची पर्स तशीच राहिली. "कोण होतं?"

"मराठी माणूस की! चांगला बोलत हुता. म्हटला, बसवराज नावाचा माणूस तुमच्याकडं नोकरीला होता का? म्या म्हटलं, पावणं, नाव बरोबर हाय तुमचं, पर नोकर कुणाला म्हणतायसा? ल्योक हाय त्यो माझा."

"मग?"

"मग म्हटला, पगार काय देत होतासा. म्या म्हटलं, तुम्ही बायकूला भाकरीचा पगार देतासा व्हय? हसला की त्यो बी."

"अप्पा, मस्टरचं काय विचारलं का?"

"विचारलं की. म्हटलं, तिघं हाईत मस्टरला. नावं सांगिटली तिघांची. बसूचं न्हाय म्हटलं. मालकाचं नाव असतंय व्हय मस्टरला?" त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "नोकर म्हणतोय! अगं, उद्या हे शेड कुणाचं हाय?"

आतून अव्वा म्हणाली, "ऐकलंस न्हवं? दुपारपास्नं धा जणांस्नी सांगून झालंय. मिस्त्रीनं तर दोनदा ऐकलं."

मी आत गेले, हातपाय धुतले, चहा ठेवला. दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही. माझ्यापुढं ती चौदा कलमं होती, सगळ्यांवर खुणा झालेल्या, आणि अप्पांजवळ दहा मिनिटं बसून त्यांना एक शब्द समजावून सांगणं, हे पंधरावं कलम नव्हतं. ते चिडले असते, हे खरं. पण बसूसाठी त्यांनी तो शब्द गिळला असता. एवढं मी त्यांना ओळखत होते, आणि तरी मी एसटी बघितली.

वकीलबाईंनी धावपळ केली. आपल्याकडं घरच्या मुलाला नोकर म्हणत नाहीत, तो राबतच होता, असं प्रतिज्ञापत्र मी स्टँपपेपरवर करून पाठवलं. खाली शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. अमेरिकेच्या ऑफिसने मस्टरची प्रतही मागवली होती. मी जुनी मस्टरं माळ्यावरून काढली आणि शेडमध्ये टेबलावर घेऊन बसले. दर महिन्याच्या पानावर तीन नावं आणि त्यांच्याखाली मी स्वतः आखलेल्या मोकळ्या ओळी होत्या. शाई त्याच दुकानातली मिळाली असती, अक्षर तर माझंच होतं. दिनकर मिस्त्री मशीन थांबवून जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "घाल की त्याचं नाव. खोटं थोडंच हाय. पोरगं राबलंय, म्या बघितलंय." मी पेन उघडलं. मग बंद केलं. अप्पांनी फोनवर तिघांची नावं मोजून सांगितली होती. चौथं नाव दिसलं असतं तर अप्पाच खोटे ठरले असते. हे कारण मी मिस्त्रींना सांगितलं. खरं कारण ते होतं की नुसती भीती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मस्टर जसं होतं तसं गेलं.

चार महिन्यांनी उत्तर आलं. आधीच्या नोकरीचा अनुभव सिद्ध होत नाही, दाखल्यातला मजकूर आणि चौकशीतली माहिती जुळत नाही. अर्ज नामंजूर. नवा अर्ज करायचा तर त्या सवलतीची तारीख उलटून गेली होती, आणि तशी सवलत पुन्हा निघाली नाही. बसूने हे मला फोनवर सांगितलं, मी कागलच्या ऑफिसात असताना, मुद्दाम दुपारी, त्याच्याकडं पहाटही झाली नसेल. तो रडला नाही. फक्त म्हणाला, "अक्के, अप्पास्नी सांगू नगंस. कायदा बदलला म्हणून सांग." मी तसंच सांगितलं. अप्पा म्हणाले, "सरकार कुठलं बी असू दे, सगळी सारखीच," आणि जेवायला बसले. अव्वाने मात्र माझ्याकडं एकदा बघितलं. माझा समज असा की वाट्यांच्या आवाजावरून मशीन ओळखणाऱ्या बाईला माझ्या आवाजावरूनही कळलं असणार.

त्यानंतर दीड महिन्यात माझं लग्न झालं. बसू येऊ शकला नाही, म्हणून आत्याच्या पोराने कान पिळला. त्याने तो इतक्या भीत भीत धरला की मांडवात हशा पिकला. मी हसले नाही म्हणून सासूबाई जरा नाराज झाल्या. शेंगापोळ्यांची एक रास अव्वाने बाजूला काढून ठेवली होती, कुणीतरी अमेरिकेला जाणारं भेटेल म्हणून. त्या टिकतात. पण त्या वेळी जाणारं कुणी भेटलं नाही.

आता मी पन्नाशीच्या पुढं आहे. बसूला तिथं दोन मुलं आहेत. ती तिथली नागरिक आहेत आणि बसू अजूनही नाही. म्हाताऱ्या मालकानंतर दुसरा, मग तिसरा. हाताला काम कायम मिळतं. अप्पा गेले तेव्हा तो येऊ शकला नाही. शेड आम्ही भाड्याने दिलं. मोबाईलवर त्याचा चेहरा दिसतो, आणि कपाळ हुबेहूब अप्पांचं झालंय. मध्यंतरी त्याच्या थोरल्या मुलीने मला इंग्रजीत विचारलं की बाबा इंडियाला का येत नाहीत. मी तिला सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले, कारण ते सांगायचं तर आजोबांबद्दल सांगावं लागत होतं. ती त्यांना कधी भेटली नव्हती, आणि पहिली गोष्ट ही असायला नको होती.

कारण अप्पांना ते कधीच कळलं नाही. उलट तो फोन हा त्यांच्या आयुष्यातला मोठा प्रसंग होऊन बसला. कोणी पाहुणा आला, कोणी गिऱ्हाईक कास्टिंग घेऊन आलं, की चहा यायच्या आत ते सुरू करायचे, "आमच्या बसूची चौकशी करायला अमेरिकेनं फोन केलता." सांगता सांगता तो मुंबईचा माणूस साहेब झाला, मग मोठा साहेब झाला. अप्पांचं उत्तर मात्र कधी बदललं नाही. आम्ही सगळे ऐकायचो. अव्वा कपबशा मांडायची, मिस्त्री मान डोलवायचे, आणि मी माहेरी आलेली असले तर उठून आत जायचे.

फक्त एकदा मी उठू शकले नाही. रविवार होता, सकाळचे दहा-साडेदहा. बसूचा फोन आला आणि रिसीव्हर अप्पांच्या हातात होता. त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं, म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला असायचा आणि शेजारी बसलेल्या मला सगळं ऐकू येत होतं. तब्येत, पाऊस, मशीन, असं सगळं बोलून झालं. मग अप्पा म्हणाले, "आरं, तुला सांगिटलं का न्हाय मी? तुझ्यासाठी मुंबईस्नं फोन आलता तवा?"

मी हात पुढं केला, पण त्यांनी पाठ फिरवली. त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. पावणं, पगार, बायकोची भाकरी, मस्टर. "ठणकावून सांगिटलं बघ. नोकर न्हाय म्हटलं, ल्योक हाय माझा. बरोबर केलं न्हवं?"



"हॅलो? हाईस न्हवं?"

"हाय की, अप्पा," बसू म्हणाला. "बरोबर सांगिटलासा. दुसरं काय सांगणार हुतासा."

"मग!" अप्पांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि समाधानाने सदऱ्याची बटणं लावत शेडकडं निघून गेले.

मी रिसीव्हर कानाला लावला. बसू लाइनवर होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. तो काही बोलला नाही, मीही नाही. फोनकार्डावर किती मिनिटं आहेत ते तो फोन लागल्या लागल्या सांगायचा; त्या हिशेबाने अजून अकरा मिनिटं होती. एरवी आम्ही एकेक मिनिट पुरवून पुरवून वापरायचो. त्या दिवशी ती सगळी तशीच जाऊ दिली.